मंगळवारची तिकिटं

३ एप्रिल, बुधवार

शेजारची मुरिएल म्हणाली, "तारखेनिशी लिहून ठेव." तिच्या पहिल्या नवऱ्याच्या वेळी तिने सगळं नुसतं डोक्यात ठेवलं होतं, आणि वकिलापुढे बसल्यावर तारखांचा काला झाला. मला वकिलाकडे जायचं नाही. तरी ही वही काढली. लेकीने, रियानने, नाताळात पाककृती लिहायला दिली होती, एकही लिहिलेली नाही.

तर आजचं. सकाळी मी नवऱ्याला, डेन्झिलला, म्हटलं, "लेकीचे दिवस भरत आलेत. मेच्या मध्यावर नॉरिचला जावं लागेल, गाडी एकदा दाखवून आण." तो पाव कापत होता. मान वर न करता म्हणाला, "या वेळी आगगाडीने जाऊ."

हेरिफर्डमधल्या अर्ध्या माणसांना याने गाडी शिकवलीय. चौतीस वर्षं तोच धंदा केला. आगगाडीने जाणाऱ्यांबद्दल त्याचं मत असं, की ही माणसं उभं राहायचे पैसे भरतात. आणि आज आगगाडी.

मी न्याहारी तशीच ठेवून भाडं बघितलं. दोघांचं जाऊन-येऊन एकशे अठ्ठ्याऐंशी पौंड, तेही म्हातारपणाची सवलत धरून. बर्मिंगहॅमला एकदा बदला, ईलीला एकदा बदला. गाडीने गेलो तर पेट्रोलचे बासष्ट, आणि दारातून दारात.

"पेट्रोल म्हणजे खर्च नव्हे," तो म्हणाला. "टायर धर. विमा धर. गाडीची किंमत उतरते ती धर. मैलाला पंचेचाळीस पेन्स पडतात. चारशे वीस मैल. एकशे एकोणनव्वद. म्हणजे आगगाडी एका पौंडाने स्वस्तच."

"विमा तर भरून झालाय," मी म्हटलं. "गाडी दारात उभी राहिली म्हणून विमेवाले पैसे परत देणार आहेत का? आणि टायरची झीज तू आजवर कधी धरली होतीस?"

तो पाव कापत राहिला. पावाचे तुकडे मात्र एक जाड, एक पातळ झाले होते.

पाव कापता कापता कोणी एवढा हिशेब करत नाही. त्याने तो आधीच करून ठेवला होता. कशासाठी, ते मला कळायला हवं.

९ एप्रिल, मंगळवार

आज पुन्हा बर्मिंगहॅम. फेब्रुवारी संपल्यापासून दर मंगळवारी चाललंय. विल्फ म्हणून त्याचा जुना दोस्त आहे, त्याची बाग लावायला मदत करतो म्हणे. जातो तो आगगाडीने. गाडी का नेत नाहीस विचारलं, तर म्हणाला, तिथे गाडी लावायला जागा नाही.

इस्त्रीचा निळा शर्ट घालून गेला. दाढी घोटून. बागेत खणायला.

संध्याकाळी आला तेव्हा मी नखं बघितली. स्वच्छ.

१४ एप्रिल, रविवार

दुपारी जेवताना त्याचा हात लागून रश्श्याचं भांडं कलंडलं. भांडं तिथेच होतं, डावीकडे, दर रविवारी असतं तिथे. तो भांड्याकडे असा बघत राहिला, जणू ते आत्ता कोणीतरी आणून ठेवलंय.

मन थाऱ्यावर नाही. शब्दकोडं महिनाभर उघडलेलं नाही. मी शेजारी उभी राहून काही बोलले की दचकतो. काल भांडी विसळताना "टॉवेल दे" एवढंच म्हटलं, तर हातातली बशी सुटता सुटता राहिली. ज्याच्या मनात काही नाही तो बायकोच्या आवाजाला दचकत नाही.

आणि माझ्याकडे बघत नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय. सोफ्यावर शेजारी बसले तरी याची नजर समोर. मी नवी कानातली घालून दोन संध्याकाळ बसले. त्याला पत्ता नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

मी दुकानातून लवकर परतले. तो मागच्या अंगणात फोनवर बोलत होता, दाराकडे पाठ करून. ऐकलं तसं उतरवते:

"नाही, बायकोला अजून सांगितलेलं नाही... हो, माहीत आहे मला... सांगेन. मूल झालं की सांगेन."

माझ्या हातातल्या पिशवीत अंडी होती. मी ती जमिनीवर ठेवली आणि पायरीवर बसले. मूल म्हणजे रियानचंच. त्याचं वय अडुसष्ट आहे. पण घटकाभर डोक्यात नको ते आलंच.

मुरिएलला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मुलगी बाळंत होईपर्यंत थांबतोय. तेवढी तरी लाज आहे म्हणायची. माझ्याने तर नाताळच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं."

२३ एप्रिल, मंगळवार

आज मी त्याच्या मागून गेले.

तो साडेआठला निघाला. दहा मिनिटांनी मुरिएलने मला तिच्या छोट्या गाडीतून स्टेशनात सोडलं. "डोक्याला रुमाल बांध," म्हणाली. बांधला. सवलतीचं कार्ड घरी विसरले, पुरे बावीस पौंड गेले. नवऱ्यावर पाळत ठेवायला बावीस पौंड. तो दर आठवड्याला हा खर्च करतो आणि मला बटरच्या किमती ऐकवतो.

तो पुढच्या डब्यात होता, मी मागच्या. माल्व्हर्नच्या टेकड्या आल्या नि गेल्या, मी एकदाही बाहेर पाहिलं नाही. मनात त्याला काय काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालली होती.

बर्मिंगहॅमला तो उतरला, आणि आपल्या गावच्या बाजारात बेधडक घुसणारा माणूस फलाटावर भिंतीला धरून चालायला लागला. हळू. दर चार पावलांनी मान वळवून इकडे तिकडे बघत. मी खांबामागे झाले. ओळखीचं कोणी बघेल याची भीती असणार त्याला. जिन्यावर त्याने कठडा सोडला नाही.

तिकीट दाखवून बाहेर पडायच्या दारापाशी ती उभी होती. पन्नाशीची. हिरवा कोट, करडे आखूड केस, गळ्यात नाडीला लावलेलं कसलंसं ओळखपत्र. तिने हाक मारली, हसली. त्याने तिचं कोपर धरलं. हात नाही, खांदा नाही, कोपर, जसं कोणी नाचायला जाताना धरतं. आणि दोघं गर्दीतून चालायला लागले. ती काहीतरी सांगत होती, तो मान डोलवत होता. सहज, सवयीने. तो माझ्याबरोबर कधीही इतक्या हळू चाललेला नाही.

मी त्यांच्यामागे गेले नाही. तिथल्याच बाकावर बसून कपभर चहा घेतला आणि पुढच्या गाडीने परत आले.

संध्याकाळी विचारलं, "विल्फची बाग कशी आहे?"

"वाटाणे लावले," डेन्झिल म्हणाला.

३० एप्रिल, मंगळवार

बर्मिंगहॅमहून आला तो नवीनच खूळ काढून आला. "गाडी विकून टाकू या का?"

मी स्वतः चालवत नाही. लग्नाच्या वर्षी त्याने मला शिकवायला घेतलं, पहिल्याच धड्याला मी मनमथच्या रस्त्यावर उतरून तीन मैल पायी घरी आले, आणि तो विषय संपला. तेव्हा गाडी त्याचीच. पण निम्मे पैसे माझ्या शाळेतल्या पगारातून गेलेत.

"विकून काय करायचं?"

"बँकेत ठेवू. वर्षाचा विमा, कर, दुरुस्ती, सगळं वाचेल. तेवढ्यात वर्षातून चारदा आगगाडीने नॉरिचला जाऊन येऊ."

"आणि एरवी?"

"एरवी बस आहे."

गेल्या वर्षी हाच माणूस बसच्या थांब्यावर उभा राहायला लाजत होता. मुरिएलचं म्हणणं असं की पुरुष निघून जायच्या आधी वस्तूंचे पैसे करतो, कारण वस्तूचे दोन भाग होत नाहीत, पैशाचे होतात. मी विकायला नकार दिला. त्याने वाद घातला नाही. याचीच मला जास्त धास्ती वाटली.

५ मे, रविवार

डेन्झिल भर दिवसा मुरिएलच्या कचऱ्याच्या डब्याला धडकला. डबा फुटपाथच्या डाव्या कडेला होता, हत्तीएवढा. नडगी सोलवटली. मुरिएल म्हणते पितोय. त्याचा कप हुंगून बघितला. नुसता चहा.

१२ मे, रविवार

हे नॉरिचमध्ये लिहितेय, जावयाने, टोबीने, दिलेल्या खोलीत. क्रमाने लिहिते, नाहीतर घोटाळा होईल.

सकाळी सातला जावयाचा फोन. दहा दिवस आधीच रियानला कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलंय, ती "आईला बोलवा" म्हणतेय. शेवटी त्याच्याच म्हणण्याप्रमाणे काढलेली आमची आगगाडीची तिकिटं पुढच्या रविवारची. मी आजच्या गाड्या बघितल्या. रुळांची दुरुस्ती. वूस्टरपर्यंत गाड्यांऐवजी बस, तिथून पुढे जी मिळेल ती. पोचायला संध्याकाळ.

"गाडी काढ," मी म्हटलं.

डेन्झिल पायजम्यावर उभा होता. "बसने जाऊ. निघू या लगेच."

"दारात गाडी आहे. चार तासांत पोचू. पोटची पोर तिकडे ओरडतेय आणि तू बसच्या गोष्टी करतोस?"

"ग्लेनिस, ऐक—"

"नाही ऐकायचं. वाटाणे ऐकले, टायर ऐकले. मैलाला पंचेचाळीस पेन्स ऐकलं. आज रविवार आहे ना? ती हिरव्या कोटवाली तर मंगळवारी भेटते. मग आज काय अडचण आहे?"

तो वर गेला, कपडे करून आला, खुंटीवरची किल्ली काढली. माझी पिशवी मागे ठेवली. मी माझ्या जागी बसले. त्याने पट्टा लावला, आरसे सारखे केले, इंजिन सुरू केलं, आणि फाटकापर्यंत गाडी नेऊन थांबवली. पुढे रस्ता.

"तुझ्या बाजूने काही येतंय का?"

"मी कशाला बघू? एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाहीस."

"बघ ना जरा."

"तूच बघ."

त्याने मान वळवली. माझ्याकडे, माझ्याही पलीकडे, घुबडासारखी. रस्त्यावरून एक मुलगी सायकलवर येत होती. लाल जाकीट. मला ती कधीची दिसत होती, वरच्या चर्चपासून. डेन्झिलने मान पुन्हा सरळ केली आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी हातभर सरकली. मी किंचाळले. मुलगी आमच्या नाकासमोरून गेली, वळून दोन शिव्या हासडून गेली, आणि तेव्हा कुठे तो तिच्याकडे बघत होता, जणू ती आभाळातून पडली.

त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"मला ती बाजू दिसत नाही," तो म्हणाला.

"कुठली?"

"तू बसतेस ती."

फेब्रुवारीत एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून तो झोपला होता. मला आठवतंय, मी त्याला ओरडले होते, कारण नळ दुरुस्त करायचा राहिला. मेंदूत मागच्या बाजूला रक्त अडलं, एवढंसं. हातपाय धड, बोलणं धड. फक्त दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं जग गेलं. आपल्या डॉक्टरणीकडे तो एकटाच गेला. परवाना मार्चमध्येच परत पाठवला. दर मंगळवारी बर्मिंगहॅमच्या दवाखान्यात त्याला मान आणि डोळे फिरवायला शिकवतात, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात काम भागवता येईल. हिरव्या कोटवाली मिसेस हार्कर. दृष्टी गेलेल्यांना स्टेशनातून दवाखान्यात पोचवते, फुकट. नवऱ्याबरोबर कबुतरं पाळते.

मला काय वाटलं ते खरं लिहिते. आधी हायसं वाटलं. बाई नाही म्हणून. मग त्या हायसं वाटण्याची इतकी किळस आली की मी गाडीतून उतरले. मग राग. झटका आला होता, मेला असता, आणि मला वाटाण्यांच्या गोष्टी सांगत राहिला. आणि आज माझ्या एका टोमण्यावर गाडीत येऊन बसला. परवाना नसताना. त्या पोरीला काही झालं असतं तर ते आम्हा दोघांच्या माथी आलं असतं, निम्मं माझ्या.

"का नाही सांगितलंस?" मी खिडकीतून विचारलं.

तो स्टिअरिंगकडे बघत होता. "तुझ्या बाबांची किल्ली मीच काढून घेतली होती," म्हणाला. "अकरा वर्षं झाली. त्यांच्या हातात गाडी राहत नव्हती, मी घेतली नसती तर कोणाला तरी मारलं असतं त्यांनी. पण ते त्या खिडकीत बसले ते उठलेच नाहीत. तू म्हणाली होतीस, तू माझ्या बापाचे पाय तोडलेस."

म्हणाले होते. मी ते विसरले होते. तो विसरला नव्हता.

"मला वाटलं, निदान बाळ येईपर्यंत मी तुला गाडी चालवणारा माणूस वाटत राहावं."

तेवढ्यात मुरिएल झाडू घेऊन बाहेर आली, तमाशा बघायला. मी तिला म्हटलं, "गाडी काढ. बर्मिंगहॅमला सोड." तिने काही विचारलं नाही, हे तिचं ऋण मी मानेन. डेन्झिल मागे बसला. मुरिएलही त्याचीच विद्यार्थिनी, तिसऱ्या खेपेला पास झालेली. वूस्टरच्या पुढे तिने वळताना इशारा दिला नाही, आणि मागून आवाज आला, "मुरिएल, इशारा." तिने आरशातून त्याच्याकडे असं पाहिलं की एरवी मला हसू आलं असतं.

खिडकीवर ऐनवेळी तिकिटं काढली. दोघांचे, एकाच बाजूचे, एकशे सदतीस पौंड. सवलतीचं कार्ड पुन्हा घरी राहिलं होतं.

लेस्टर सोडल्यावर मी त्याला सांगितलं की मी रुमाल बांधून त्याच्यामागे गेले होते आणि मला काय वाटलं होतं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय.

"दर मंगळवारी?" तो म्हणाला. "तिकीट काढून? अगं, बाईच ठेवायची असती तर हेरिफर्डमध्ये ठेवली असती. चालत गेलो असतो."

समोर बसलेल्या गृहस्थाने वर्तमानपत्र उंच धरलं.

ईलीला गाडी बदलताना टोबीचा फोन आला. मुलगी. दोन वाजून दहा मिनिटांनी. दोघी ठीक. फलाटावर मी डेन्झिलला बिलगले तेव्हा त्याला ते आधी दिसलं नाही, म्हणून तो दचकला. या वेळी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

१३ मे, सोमवार

बाळ डेन्झिलच्या वळणावर गेलंय, बिचारं.

त्याने माझ्याकडून वचन घेतलं. रियान अजून अशक्त आहे, तिला आठवडाभर काही सांगायचं नाही. तो स्वतः सांगेल. मी कबूल झाले. इतके दिवस त्याने एकट्याने लपवलं, आता निदान दोघं आहोत.

१५ मे, बुधवार

लपवणं सोपं नाही. डेन्झिलबद्दल आता मला थोडा आदरच वाटतो.

आज सकाळी रियान बाळाला पाजत होती. एकदम म्हणाली, "आई, बाबा आणि आगगाडी?"

"हो. म्हटलं बदल."

"ऐनवेळी रविवारची तिकिटं? किती पडली?"

"स्वस्तात मिळाली."

"किती?"

"सवलत होती."

"रविवारी ऐनवेळी सवलत?" तिने माझ्याकडे पाहिलं. ही पोर विमा कंपनीत खोटे दावे तपासते, हे मी विसरले होते. "गाडी बिघडलीय का?"

"नाही."

"मग गाडी कुठे आहे?"

"दारात."

"आणि बाबा बाळाला घ्यायला सांगितलं की आधी खुर्चीत का जाऊन बसतात? काल तू बोलत होतीस तर ते भलतीकडेच बघत होते. तुमचं भांडण झालंय का?"

"छे. काहीतरीच," मी म्हटलं आणि बाळाचे कपडे घड्या करायला घेतले. घड्या झालेलेच होते.

दुपारी बाळ झोपलं. डेन्झिल आमच्या खोलीत आडवा झाला होता. मी जिन्यावरून उतरत होते, स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं. आत रियान आणि टोबी.

"आई खोटं बोलतेय," रियान म्हणत होती. "तिला खोटं बोलता येत नाही, चेहरा लाल होतो. आणि बाबा तिच्या नजरेला नजर देत नाहीत. टोबी, मुरिएलने मला महिन्यापूर्वी फोन केला होता, मी हसण्यावारी नेलं. मला वाटतं, बाबांचं बाहेर काहीतरी चाललंय."

"तुझ्या बाबांचं?" टोबी म्हणाला.

"बर्मिंगहॅमला. दर मंगळवारी."

मी तशीच मागे वळले. वर जाऊन डेन्झिलच्या उजवीकडे उभी राहिले आणि त्याला हलवलं.

"ऊठ. आठवडा संपला."

त्याने डोळे उघडले. "आज बुधवारच आहे."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "ऊठ."